लेकीला शुभवर्तमान वाचून दाखवताना

वसईहून यवतमाळ जिल्ह्यात कोणी हौसेने जात नाही. आमच्याकडची माणसं फार तर बांद्र्याला मोतमावलीच्या देवळात सणाला जातात, आणि ज्याचे पाय शिवशिवतात तो गोव्याला जाऊन येतो. मीही गेलो नसतो. पण आमची धाकटी लेक लुसी मठात व्रतं घेऊन सिस्टर झाली होती आणि तिकडे एका लहानशा दवाखान्यात काम करत होती, आणि थंडीच्या अखेरीस तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, तरी डोळ्यांपुढे धुकं राहिलं. दोन महिने पुस्तक हाती धरायचं नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

हे कळल्यावर तिची आई एकच वाक्य बोलली. "जा आणि तिला घेऊन या."

वाडीतली केळी आणि गाभण गाय टाकून दोघांना एकदम निघता येत नव्हतं. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला, रिकामा. म्हणून मी निघालो. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. देवळातली मिस्सा लॅटिन सोडून मराठीत होऊ लागली होती त्या दिवसांतली ही गोष्ट.

ज्या गावी गेलो त्याचं नाव लिहीत नाही. आपल्याविषयी लिहिलेलं तिथल्या सिस्टरांना आवडत नाही. लिहायची परवानगी मिळाली ती याच अटीवर.

पांढरकवडा

बायकोने दोन पिशव्या दिल्या होत्या. एकीत सुकेळी आणि दुसरीत सुके बोंबील. वर्ध्याला आगगाडीतून उतरून एसटीत बसेपर्यंत कोणी काही बोललं नाही. पण उन्हं वर आली, बस तापली आणि बोंबील जागे झाले. माझ्या पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी आधी खिडकी उघडली, मग नाकाला उपरणं लावलं आणि शेवटी वळून मला विचारलं, "काय जी, काही मेलं हाय काय यात?"

"मासे आहेत. सुके," मी म्हणालो.

"सुके? मंग भिजल्यावर काय होत असन, बाप्पा!"

सगळी बस हसली. कंडक्टरने ती पिशवी टपावर नेऊन ठेवली आणि बाकीचा प्रवास मी खाली मान घालून केला.

पांढरकवड्याला उतरलो तर नागपूर-हैदराबाद रस्त्यावर मालट्रकांची रांग लागलेली. चहाच्या टपरीपाशी पिशवी शेजारी ठेवून बसलो होतो, तेवढ्यात एक काळासावळा धिप्पाड ड्रायव्हर वास घेत घेत माझ्यापर्यंत आला. आंध्रातला, समुद्रकाठचा माणूस. मोडक्या हिंदीत त्याने विचारलं आणि मी पिशवीचं तोंड उघडून दाखवल्यावर त्याचा चेहरा असा फुलला की जणू त्याचा भाऊच पिशवीतून बाहेर येणार होता. अर्धे बोंबील मी त्याला दिले. त्याने मला ट्रकमध्ये पुढे बसवून झरीकडचा कच्चा रस्ता फुटतो त्या फाट्यावर सोडलं. वाटेत त्याचं हिंदी संपलं, त्याला मराठी येईना, मला तेलुगू येईना. दोघंही आपापल्या भाषेत समुद्राबद्दल बोललो, एवढं मला नक्की समजलं.

फाट्यावर दवाखान्याची बैलगाडी उभी होती. तिथून जंगल सुरू झालं. सागाची पानं झडून गेली होती आणि त्या भुऱ्या, उघड्या झाडांमध्ये पळस पेटलेला. आमच्या वसईला बारा महिने हिरवं असतं. विहिरीवर रहाट फिरतो, पाटातून पाणी वाहतं, माणूस हिरव्याला विटतो. इथे पान नसलेल्या फांदीवर एवढा रंग बघून मी गाडीवानाला गाडी थांबवायला सांगितली. त्याला वाटलं, मला लघवीला जायचंय.

दवाखाना

मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, पुढे लांब पडवी, अंगणात कडुनिंब. तीन सिस्टर तिथे राहत. मागच्या एका खोलीत त्यांचं प्रार्थनाघर होतं. आमच्या देवळाची घंटा तीन गावांत ऐकू जाते. इथे निंबाला रुळाचा एक तुकडा टांगला होता, तो वाजवत.

लुसी पडवीत उभी होती. पायांचा आवाज ऐकून तिने माझ्या दिशेला तोंड केलं, पण तिची नजर माझ्या कानापाशी कुठेतरी थांबली. पांढऱ्या झग्यात ती फारच बारीक दिसत होती. मी जवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती हुंगून म्हणाली, "बाबा, बोंबील आणलेत!" आणि आम्ही दोघंही हसलो, कारण दुसरं काही केलं असतं तर रडू आलं असतं.

सिस्टर झाल्यावर तिला नवं नाव मिळालं होतं. तिथे सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. मला मात्र ते तोंडी बसेना.

त्याच संध्याकाळी मी मदरना भेटलो. मदर म्हणजे त्या घरातल्या मुख्य सिस्टर. गोव्याच्या, साठीच्या आसपासच्या. मराठी बोलत, पण कोकणी हेलात. मी हात जोडून म्हणालो, "तिला वर्षभर घरी पाठवा. आईच्या हाताखाली डोळे सुधारतील."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मास्तर, तिची तब्येत बघता मी वरिष्ठांकडून परवानगी आणू शकते. पण मी तिला जा म्हणणार नाही आणि राहाही म्हणणार नाही. देवाला काय हवं ते तिला प्रार्थनेत बघू दे. तुम्हीही बघा." मग म्हणाल्या, "तिला खरा त्रास कशाचा होतो ठाऊक आहे? औषधं ती वासाने ओळखते. पण पहाटेचं वाचन बंद झालंय. आम्ही दोघी वाचून दाखवतो, पण दवाखान्याच्या धांदलीत ते कसंबसं उरकतं. तुम्ही आहात तोवर वाचाल?"

वाचायला काय लागतं? माझी उभी हयात मुलांना धडे वाचून दाखवण्यात गेली होती. मी लगेच हो म्हणालो.

पडवीतलं वाचन

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही पडवीत बसलो. लुसीने आपलं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं पुस्तक, फडक्यातून सोडवून माझ्या हाती दिलं. खरं सांगायचं तर ते पुस्तक असं हातात घेऊन बसायची माझी पहिलीच वेळ होती. आमच्याकडे घरोघरी दिवेलागणीला जपमाळेची रोजरी होते, सगळं कुटुंब गुडघे टेकून मोठ्याने म्हणतं. संतांच्या नावांची लांबलचक लितानी मला पाठ आहे. पण शुभवर्तमान देवळात वाचलं जायचं. आम्ही उभं राहून ऐकायचो आणि खाली बसायचो. घरी उघडून वाचणं हे आपलं काम आहे, असं कोणाला वाटलंच नव्हतं.

तिने जागा सांगितली. येशूचा शिष्य पेत्र याची सासू तापाने पडली आहे आणि येशू तिच्या घरी येतो, तो भाग. मी घसा साफ करून सुरुवात केली आणि खणखणीत आवाजात थेट पान उलटून पुढे गेलो. लुसी शांतपणे ऐकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "बाबा, चार ओळी पुरे होत्या."

"मी दोन पानं वाचली!"

"म्हणून तर मला काही भिडलं नाही. वर्गात तपासनीस येऊन बसलेत असं वाचता तुम्ही."

मग तिने मला सांगितलं. दीक्षेआधीच्या वर्षांत मठात त्यांना ही रीत शिकवतात, फार जुनी आहे. थोडंसंच वाचायचं. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा वाचताना एखादा शब्द मनाला धरतो, तो सोडायचा नाही. गाय रवंथ करते तसा घोळवत राहायचा. मग त्याबद्दल देवाशी बोलायचं, आपल्या साध्या भाषेत. आणि शेवटी बोलणंही थांबवायचं. त्याच्याजवळ नुसतं बसायचं.

मी पुन्हा वाचलं, सावकाश. पुन्हा एकदा, आणखी सावकाश. येशू त्या बाईजवळ जातो, तिचा हात धरतो, तिला उठवतो. तिसऱ्या वेळी मला माझाच आवाज ऐकू आला आणि मी जरा दचकलो. लुसीचे ओठ हलत होते. "हात," ती म्हणाली. मग ती गप्प झाली.

मी डोळे मिटले. होले घुमत होते. बराच वेळ गेला. तिने विचारलं, "तुम्हाला काय भिडलं, बाबा?"

"काही नाही. गायीची आठवण आली. आज-उद्या विणार ती. तुझी आई एकटी आहे."

"मग गायीबद्दलच बोला त्याच्याशी," ती म्हणाली.

मी थट्टा समजलो. पण ती थट्टा करत नव्हती. तेव्हा मी पडवीत बसून वसईच्या गायीबद्दल देवाशी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा पाठ नसलेली प्रार्थना माझ्या तोंडून निघाली.

पुढचे दिवस असेच जाऊ लागले. सकाळी वाचन, मग दवाखान्याची गर्दी, दुपारी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी. भाताशिवाय जेवण म्हणजे मला जेवण वाटेना, पण तिसऱ्या दिवसापासून मी दुसरी भाकर मागून घेऊ लागलो. सुकेळी पाहून तिथल्या लोकांना फार नवल वाटे. केळं वाळवून असं मधासारखं होतं, यावर कोणाचा विश्वास बसेना.

वाचायला बसलो की पडवीच्या खांबाला टेकून एक बाई येऊन बसायची. तिचं नाव धानीबाई. जवळच्या तांड्यावरची, आरशांची कांचोळी आणि कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या घातलेली. तिच्या लेकीला दोन पावसाळ्यांपूर्वी हगवण लागली होती, तेव्हा लुसीने ती पोर दहा दिवस मांडीवर घेऊन जगवली. आता लुसी आजारी म्हणून ही रोज शेळीचं दूध घेऊन यायची. घरी ती आपल्या बोलीत बोले, आमच्याशी वऱ्हाडीत. तिचे देव वेगळे होते आणि ते बदलावेत असं तिथे कोणी तिला म्हणत नव्हतं. तिला गोष्ट ऐकायला आवडे.

पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "मास्तर जी, त्या सासूचं नाव काय होतं?"

"नाव लिहिलेलं नाही."

"असं कसं? घरात पाव्हणे आले, बाईचा ताप उतरला, तिनं उठून सैपाक केला, अन् तिचं नावच नाई लिहलं?" ती लुसीकडे वळली. "तुह्यं तरी लिहा म्हणा कुठं."

तांडा

धानीबाईने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. लुसी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. वाट एका ओढ्यातून जाते. "तिथे दगड निसरडे आहेत, बाबा," ती म्हणाली. मी म्हणालो, समुद्राकाठचा माणूस आहे मी. आणि पुढच्याच पावलाला मी बसलो. गुडघाभर पाणी, धोतर चिखलाने काळं. लुसीला दिसलं काहीच नाही, पण आवाजावरून सगळं कळलं. ती काठावर उभी राहून पोट धरून हसत होती. ती लहानपणी हसायची तशीच.

तांड्यावर आमच्यासाठी घोंगडी अंथरली होती. धानीबाईच्या नवऱ्याने मला आपलं धोतर नेसायला दिलं. मग ताटं आली. भाकरी, आणि लालभडक रश्श्यात कोंबडा. माझा हात थबकला. तो शुक्रवार होता, त्यातून उपवासकाळातला. अशा शुक्रवारी आमच्या घरी मांसाचं नावही निघत नाही. मी लुसीच्या कानाशी कुजबुजलो, "आज शुक्रवार आहे."

"ठाऊक आहे. कोंबडा कापणार हे मला कालच कळलं, तेव्हा मदरना विचारून आले मी." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "मंगळवारी आपण काय वाचलं, बाबा? शिष्यांना गावोगाव पाठवताना त्याने काय सांगितलं? ज्या घरी जाल तिथे पुढ्यात येईल ते खा."

ते मीच वाचलं होतं, तीनदा. सावकाश. माझ्या लक्षात राहिली होती ती शिष्यांची झोळी आणि वहाणा. धानीबाई चुलीजवळून आमच्याकडे बघत होती, आवडतंय की नाही ते. मी जेवलो. रस्सा इतका तिखट की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तिला वाटलं मी भारावलोय. तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

परतताना लुसी दमली. पळसाखाली बसलो. एक फूल उचलून मी तिच्या हातात दिलं. तिने ते डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. "रंग दिसतोय," ती म्हणाली. "कडा नाहीत, पण रंग आहे." मी त्या वेळी तिला विचारलं, "येशील ना माझ्याबरोबर?" तिने फूल तसंच धरून ठेवलं. "मी रोज विचारतेय त्याला," ती म्हणाली.

मी निवडलेला भाग

निघायचा दिवस जवळ आला तशी माझी झोप कमी झाली. एका सकाळी लुसी म्हणाली, "आज भाग तुम्ही निवडा."

मी निवडून ठेवलाच होता. दुपारच्या रिकाम्या वेळी पुस्तक चाळताना तो मला सापडला होता, आणि सापडल्यावर मी मनात म्हणालो होतो, हा वाचला की तिला घरी यावंच लागेल. थडग्यांमध्ये राहणारा, अंगात भुतं शिरलेला एक माणूस. येशू त्याला बरा करतो. येशू नावेत बसून निघतो तेव्हा तो बरा झालेला माणूस विनवतो, मलाही बरोबर ने. आणि येशू त्याला सांगतो, तू आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा. एवढं स्पष्ट वाक्य आणखी कुठे मिळणार?

मी शेवटचाच भाग वाचला. लुसीला लगेच कळलं, मी तो का निवडला ते. ती किंचित हसली. "पुन्हा," एवढंच म्हणाली. मी पुन्हा वाचलं. घरी जा, या शब्दांवर मी जरा जोर दिला.

तेव्हा खांबापासून धानीबाई म्हणाली, "त्या माणसाले नावेत काहून नाई घेतलं? जागा नव्हती काय?"

"जागा असेल," लुसी म्हणाली.

"मंग? तो तर इतला मागून राह्यला होता. त्याले सोडून कुठं जाऊ नये वाटत असन ना."

"मलाही ठाऊक नाही, धानीबाई. बाबा, आणखी एकदा वाचा."

तिसऱ्यांदा वाचायला लागलो आणि विनवणीच्या ओळीपाशी थांबलो. त्या सकाळपर्यंत मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं, पण गेले काही दिवस माझ्या मनात एक बेत घोळत होता. लुसी आली नाही, तर आपणच इथे राहावं. दवाखान्याच्या मागची खोली आहे. मुलांना अक्षरं शिकवावी, रोज पहाटे हिला वाचून दाखवावं, भाकर खावी. वसईला बायको आहे, वाडी आहे, हे मी सोयीने बाजूला सारलं होतं. काठावर उभं राहून नाव धरणारा तो माणूस मीच होतो. लुसीसाठी शोधून काढलेलं वाक्य तिला ओलांडून सरळ माझ्याकडे आलं.

मला पुढे वाचता येईना. लुसीने हात चाचपत माझा हात शोधला आणि धरला. आम्ही तसेच बसलो. धानीबाई उठली, दुधाची लोटी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "पिऊन घ्या जी, गरम हाय." आणि निघून गेली.

मग लुसी बोलली. "बाबा, मी येत नाहीये. हट्टाने नाही म्हणत. खूप वाटलं यावंसं. विहिरीचं पाणी, आईच्या हातचं कालवण, सगळं आठवून रडले. पण त्याच्याजवळ शांत बसते तेव्हा मन इथेच स्थिर होतं. मदर मला नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. डोळे सुधारले तर इथे राहीन, नाही सुधारले तरी इथेच. हाताने करण्यासारखं काम इथे पुष्कळ आहे."

"आणि वाचन?"

"मदर वाचतील. त्यांनी तुमचं वाचन आतून ऐकलंय. म्हणाल्या, मास्तरांनी आम्हाला घाई सोडायला शिकवलं." ती हसली. "मी त्यांना सांगितलं नाही, पहिल्या दिवशी तुम्ही कसं वाचलंत ते."

मला वाईट वाटलं का? वाटलं. आजही वाटतं. पण तो नकार मला माझ्याविरुद्ध वाटला नाही, एवढं खरं.

परत

लुसीचे डोळे नागपूरच्या उपचारांनी बरेच सुधारले. जाड भिंगाचा चष्मा लागला. डाव्या डोळ्याने तिला मोठी अक्षरं वाचता येतात, उजव्याने रंगच दिसतात. हे सगळं नंतर कळलं. मी निघालो तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

वसईला उतरलो तेव्हा बायको अंगणात शेंगा निवडत होती. माझ्यामागे कोणी नाही हे तिने पाहिलं. गाय व्याली होती, गोठ्यात कालवड उड्या मारत होती, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही.

"नाही आली?"

"नाही."

तिने पदर तोंडाला लावला. मी तिच्याशेजारी खाली बसलो. मग तिने विचारलं, "दिसतं का तिला?"

"रंग दिसतात."

"खाते काय ती तिथे?"

"ज्वारीची भाकर. शेळीचं दूध. तिथली एक बाई रोज आणून देते."

"निघताना रडली?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

"पांढरकवडा मागे पडेपर्यंत रडू आवरून धरलं होतं," मी म्हणालो.

ती उठली. आत जाऊन भात आणि कालवण वाढून आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली. "जेवा," ती म्हणाली. "आणि आता पहिल्यापासून सांगा. सावकाश. काही गाळू नका."